निवृत्त गुरुजी-बाईंसाठी आरोग्य विमा : ५८ ते ७० या बारा वर्षांचं काय? कोणती योजना, नोंदणी कुठं, कागदपत्रं कोणती

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं, पेन्शनची फाईल पुढं सरकते. पण एक गोष्ट त्याच दिवशी मागं राहते आणि ती कुणी सांगत नाही. नोकरीत असताना दवाखान्याचं मोठं बिल झालं तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव पाठवता येत होता. मंजुरीला वेळ लागायचा, हेलपाटे व्हायचे, पण सोय होती. निवृत्तीनंतर ही सोय तशी उरत नाही.

दुसऱ्या बाजूला, ७० वर्षं पूर्ण झाली की केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे पेन्शन कितीही असली तरी चालतं.

मधली बारा वर्षं मात्र ज्याची त्यानं बघायची आहेत. बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू, हृदयाच्या तक्रारी हे सगळं बहुतेकांच्या मागं याच वयात लागतं. अनेक गुरुजींचा समज असा की, "सरकारी योजना पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी, आपण पेन्शनवाले, आपल्याला काही नाही." हा समज आता जुना झाला आहे. काय काय मिळू शकतं आणि त्यासाठी कधी काय करायचं, ते एकेक करून पाहू.

१) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : पांढऱ्या कार्डालाही लागू

ही राज्य सरकारची योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावानं ओळखली जाते. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती, म्हणून शिक्षकांच्या डोक्यात तेच पक्कं बसलं आहे.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं हे बदललं. योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्यात आली. त्यात पांढरं रेशन कार्ड असलेली कुटुंबं आली आणि कार्डच नसलेली कुटुंबंही आली. संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष दीड लाखावरून ५ लाख रुपये झालं. नवी रचना १ जुलै २०२४ पासून अमलात आली.

निवृत्त शिक्षकाच्या दृष्टीनं यातल्या चार गोष्टी महत्त्वाच्या :

- हप्ता भरावा लागत नाही.
- आजार आधीपासून असला तरी चालतो. शुगर आहे, बायपास झालेली आहे म्हणून नाव कापलं जात नाही.
- ५ लाखांची रक्कम पूर्ण कुटुंबासाठी मिळून आहे, प्रत्येक माणसाला वेगळी नाही.
- उपचार रोखीविना होतात. म्हणजे योजनेतल्या रुग्णालयात भरती व्हायचं आणि बिल योजनेतून जायचं. आधी खिशातून पैसे भरले आणि नंतर बिलं दाखवून परत मागितले, असं इथं चालत नाही.

शेवटचा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. माणूस घाईत जवळच्या दवाखान्यात जातो, डिपॉझिट भरतो, ऑपरेशन होतं आणि मग नातेवाईक विचारायला लागतात, "योजनेत बसेल का?" तोवर वेळ गेलेली असते. भरती होतानाच योजनेच्या कक्षात जायचं. तिथं "आरोग्यमित्र" नावाचा माणूस बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार त्याला दाखवायचं. अपघात किंवा हार्ट अटॅकसारखी तातडीची वेळ असेल तर आधी भरती करा, पण आरोग्यमित्राला त्याच वेळी सांगून ठेवा. कागद मागाहून देता येतात.

सगळे उपचार सगळीकडे मिळत नाहीत. योजनेत उपचारांची ठरलेली यादी आहे, त्यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि प्रत्येक खासगी रुग्णालय प्रत्येक आजारासाठी योजनेत नसतं. एखाद्या ठिकाणी हृदयाचे उपचार योजनेत असतील, पण हाडांचे नसतील. म्हणून निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर फोन करा. "या आजारासाठी आमच्या जिल्ह्यात कोणतं रुग्णालय आहे?" असा थेट प्रश्न विचारा.

२) ७० नंतर : आयुष्मान वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्या ज्येष्ठांना घेतलं आहे. उत्पन्न, पेन्शन, जमीन, रेशन कार्डाचा रंग यातलं काहीच पाहिलं जात नाही. पाहिलं जातं फक्त आधार कार्डावरचं वय. जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं.

यातही गोंधळ होतो, म्हणून नीट समजून घ्या.

संरक्षण कुणाला? फक्त ७० पूर्ण झालेल्या माणसाला. समजा, गुरुजी ७२ चे आहेत आणि बाई ६६ च्या. कार्ड गुरुजींचं निघेल. बाईंना त्या कार्डावर उपचार मिळणार नाहीत. बाईंसाठी महात्मा फुले योजना आहेच. दोघंही सत्तरीच्या पुढं असतील तर दोघांची वेगवेगळी कार्डं निघतात, पण वर्षाचे ५ लाख दोघांत मिळून असतात.

कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तर? घरातल्या ७० वरच्या माणसांना आणखी ५ लाखांचं जादा संरक्षण मिळतं. त्यात घरातल्या कमी वयाच्या माणसांचा वाटा नसतो.

खासगी विमा असेल तर? तरीही कार्ड काढता येतं. खासगी पॉलिसी बंद करायची गरज नाही.

जोडीदार माजी सैनिक किंवा केंद्रीय कर्मचारी असेल तर? माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ज्यांना लागू आहे, त्यांना दोन्हींपैकी एक निवडावी लागते. घरात ईसीएचएस असेल तर ती घाईनं सोडू नका. तिथं रोजची औषधं आणि बाह्यरुग्ण तपासणीही मिळते. आयुष्मानमध्ये मुख्यतः भरती होऊन घेतलेले उपचार येतात.

कार्ड कसं काढायचं? मोबाईलवर "आयुष्मान" ॲप घेऊन स्वतः काढता येतं. आधारवरून ओळख पटवायची, म्हणजे ओटीपी, बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याचा फोटो यांपैकी एक पद्धत वापरायची. मोबाईलचं जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. गावातल्या आशाताईंनाही विचारा, अनेक गावांत त्यांनीच कार्डं काढून दिली आहेत. केंद्राचा मदत क्रमांक १४५५५ आहे.

३) आधारवरची जन्मतारीख आधी बघा

आपल्याकडं एका पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, हे गुरुजींना वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवायची नाही आणि हेडमास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. पुढं आधार काढताना कुणी अंदाजे वर्ष सांगितलं, कुणी ऑपरेटरनं टाकलं ते चालू दिलं. त्यामुळं सेवापुस्तकात एक तारीख आणि आधारवर दुसरी, असं अनेकांचं झालं आहे.

वय वंदना कार्डासाठी आधारवरचंच वय धरतात. आधारवर तुम्ही दोन वर्षांनी लहान असाल, तर कार्डही दोन वर्षं उशिरा मिळेल. दहावीचं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट अशा पुराव्यावर आधार केंद्रात दुरुस्ती करून घ्या. नावाचंही तसंच. पीपीओवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं असेल तर ऐन भरतीच्या वेळी आरोग्यमित्रासमोर अडायला होतं. मोबाईल नंबर आधारला जोडलेला आहे का, तेही बघा. मुलाचा जुना नंबर दिलेला असतो आणि ओटीपी बंद सिमवर जात राहतो.

रेशन कार्डावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत का? मुलगा वेगळा झाला तेव्हा आईचं नाव त्याच्या कार्डात गेलं आणि वडिलांचं जुन्यातच राहिलं, अशी उदाहरणं गावोगाव आहेत. हे काम तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतं. ते आजारपणात करायचं काम नाही. चांगले पाय चालतात तोवर उरकून घ्या.

४) राज्य सरकारची निवृत्तांसाठी गट विमा योजना

राज्याच्या वित्त विभागानं २०१४ पासून निवृत्त अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी "वैद्यकीय विमाछत्र योजना" आणली. ही ऐच्छिक आहे आणि हप्ता पेन्शनरनं स्वतः भरायचा असतो. गट विम्याचा फायदा असा की, एकट्यानं पॉलिसी घेताना जुन्या आजारांवरून जेवढी अडवणूक होते तेवढी गटात सहसा होत नाही.

जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या पेन्शनरांनी कोषागारात किंवा जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात जाऊन तीन प्रश्न विचारावेत : चालू वर्षाच्या परिपत्रकात आमचा वर्ग पात्र आहे का? हप्ता किती आणि भरायची शेवटची तारीख कोणती? जोडीदाराचा समावेश होतो का? तोंडी उत्तरावर थांबू नका, परिपत्रकाची प्रत मागून घ्या. निवृत्त शिक्षकांच्या तालुका संघटनेकडं ती बहुतेक वेळा असते.

५) खासगी पॉलिसी : घ्यायची तर कधी?

सरकारी योजना असताना खासगी विमा कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर आहे. योजनेतलं रुग्णालय लांब असेल, हवा तो उपचार यादीत नसेल किंवा हव्या त्या डॉक्टरकडंच जायचं असेल, तर खासगी पॉलिसी उपयोगाची. पण ती घेण्याची खरी वेळ निवृत्तीनंतर नाही, निवृत्तीच्या आधी आहे.

हिशेब साधा आहे. पॉलिसी घेताना जो आजार आधीपासून असतो, त्याच्यासाठी कंपनी काही काळ पैसे देत नाही. याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमानुसार १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आधी तो ४८ महिन्यांपर्यंत असायचा. आता बघा :

- ५५ व्या वर्षी पॉलिसी घेतली, तर ३६ महिने ५८ ला संपतात. ही तीन वर्षं तुम्ही नोकरीत असता, प्रतिपूर्तीची सोय चालू असते. निवृत्तीच्या दिवशी पॉलिसी पूर्ण ताकदीनं उभी असते.
- ५८ ला घेतली, तर जुन्या आजारांसाठी ६१ पर्यंत महात्मा फुले योजनेवर किंवा बचतीवर अवलंबून राहावं लागतं.
- ६३ ला घेतली, तर ६६ उजाडतं. हप्ताही तोवर वाढलेला असतो.

म्हणून अजून नोकरीत असलेल्या पंचावन्नीच्या शिक्षकांनी हा लेख जास्त लक्ष देऊन वाचावा.

वय जास्त झालं म्हणून आता पॉलिसी मिळणारच नाही, असं मात्र नाही. पूर्वी ६५ नंतर कंपन्या दार लावून घ्यायच्या. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत कंपन्यांनी सगळ्या वयांच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवायची आहे. तरीही अर्ज आला की तपासणी होते, हप्ता जादा लागू शकतो आणि अर्ज नाकारलाही जाऊ शकतो.

हप्त्याच्या बाबतीत दोन दिलासे आहेत. एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. दोन, जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता कंपनीला नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

जुन्या करप्रणालीत रिटर्न भरणाऱ्या ज्येष्ठांना आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी हप्ता रोखीनं भरू नका, चेक किंवा ऑनलाईन भरा. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

६) पॉलिसीतले चार शब्द, जे एजंट घाईनं सांगतो

को-पे : बिलातला तुमचा वाटा. २० टक्के को-पे असेल आणि मान्य बिल २ लाखांचं झालं, तर ४०,००० रुपये तुम्हाला भरायचे. ज्येष्ठांच्या स्वस्त पॉलिसीत हा आकडा बघितल्याशिवाय सही करू नका.

खोलीच्या भाड्याची मर्यादा : हा आतला फटका आहे. समजा, पॉलिसी ३ लाखांची आणि खोलीला रोज ३,००० ची मर्यादा. तुम्ही ६,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, वरचे ३,००० आपण भरू. पण अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात निम्मं धरतात. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू यातून वगळलेल्या असतात. म्हणून भरती होताना आपल्या मर्यादेतलीच खोली मागा.

उपमर्यादा : पॉलिसी ५ लाखांची असली तरी मोतीबिंदूला ठरावीक रक्कमच मिळते. "आरोग्य संजीवनी" ही २०२० मध्ये आलेली पॉलिसी अटी समजून घ्यायला चांगली आहे, कारण कंपनी कुठलीही असली तरी तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. तिच्यात ५ टक्के को-पे आहे, खोलीला विमा रकमेच्या २ टक्के किंवा रोज ५,००० यांपैकी कमी आणि मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांपैकी कमी, अशी मर्यादा आहे.

फ्री लूक : पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून पटली नाही तर परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. हे ३० दिवस कपाटात घालवू नका. घरात शिकलेला मुलगा-सून असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

७) आजार लपवू नका

"शुगर लिहू नका, हप्ता वाढेल," असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. फॉर्मवर सही तुमची असते, सांगणाऱ्याची नाही. दावा आला की कंपनी जुने केस पेपर मागते आणि दहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर शुगरची गोळी दिसली की दावा नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. खरं लिहिलं तर तीन वर्षं थांबावं लागेल, पण पुढं पॉलिसी पक्की. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. म्हणून पॉलिसीत खंड पडू देऊ नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती शेवटची वाट समजा.

कंपनी पसंत नसेल तर पॉलिसी सोडून नवी घेऊ नका. "पोर्ट" करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीत हलवा. मग आधी थांबलेला काळ वाया जात नाही. नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्जाच्या मागं लागा.

८) मुलाच्या कंपनीचा विमा आणि बँकेचा गट विमा

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीत आई-वडिलांना विमा असतो. तो जरूर घ्या, कारण त्यात जुने आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून चालतात. पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मुलानं नोकरी बदलली किंवा नोकरी गेली की त्या दिवशी विमा संपतो.

पेन्शन ज्या बँकेत जमा होते तिथंही खातेदारांसाठी गट विमा असतो. हप्ता कमी असतो, पण बँकेचा आणि विमा कंपनीचा करार संपला तर काय, हे आधी विचारा. काही वेळा एफडी करायला गेलेल्या ज्येष्ठाच्या हातात विम्याचा फॉर्म येतो आणि त्याला ती ठेव वाटते. आरोग्य विम्याचे पैसे वर्षाअखेर परत मिळत नाहीत. "पैसे परत" असं कुणी सांगत असेल, तर ती वेगळी पॉलिसी आहे, हे ओळखा.

९) फसवणुकीपासून सावध

- आयुष्मान किंवा वय वंदना कार्डासाठी फोनवरून पैसे मागणारा माणूस सरकारी नसतो.
- केंद्रावर समोर बसून कार्ड काढताना ओटीपी द्यावा लागतो, ते ठीक. फोनवर अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका.
- व्हॉट्सॲपवर आलेली "आयुष्मान"ची फाईल मोबाईलमध्ये टाकू नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.
- योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णालयानं वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार करा.

१०) खासगी दावा नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर नियामकाच्या "बिमा भरोसा" सुविधेवर तक्रार नोंदवा, टोल फ्री नंबर १५५२५५ आहे. त्यापुढं विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. तिथं फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं त्यांच्याकडं चालतात. कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आयुष्यभर अर्ज लिहायला शिकवलेल्या माणसानं हा एक अर्ज स्वतःसाठी लिहायला कंटाळू नये.

रोखीविना उपचारांसाठी मे २०२४ पासून आणखी एक नियम आहे. रुग्णालयाची विनंती आल्यावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. बिल तयार होऊनही माणूस अर्धा दिवस पलंगावर अडकला असेल, तर हा नियम दाखवा.

तुमच्या वयाला काय करायचं?

५३ ते ५८, नोकरीत : आधार, रेशन कार्ड, सेवापुस्तक यांतली नावं आणि तारखा जुळवून घ्या. झेपत असेल तर आत्ताच पॉलिसी घ्या. जोडीदाराचं नाव विसरू नका.

५८ ते ७०, निवृत्त : महात्मा फुले योजनेत आपण बसतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जिल्ह्यातल्या योजनेतल्या रुग्णालयांची नावं आजारानुसार एका कागदावर लिहा. निवृत्तांच्या गट विम्याची चौकशी करा. ग्रॅच्युइटीतली थोडी रक्कम औषधपाण्यासाठी वेगळ्या ठेवीत ठेवा, ती घरबांधणीत आणि लग्नात घालू नका.

७० च्या पुढं : वय वंदना कार्ड लगेच काढा. जोडीदार सत्तरीच्या आत असेल तर त्याच्या सोयीचं वेगळं बघा. चालू खासगी पॉलिसी परवडत असेल तर चालूच ठेवा.

सगळ्यांसाठी, एक पिशवी तयार ठेवा : आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स, पीपीओची प्रत, आयुष्मान कार्ड, पॉलिसीची पहिली दोन पानं, चालू औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि वर दिलेले नंबर मोठ्या अक्षरात. ही पिशवी कुठं आहे ते घरातल्या एका माणसाला नक्की माहीत हवं. रात्री दोन वाजता गाडी बोलवायची वेळ आली, तर शोधाशोध नको.

बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या या योजनांत येत नाहीत. त्यासाठी जन औषधी केंद्रात स्वस्त औषधं मिळतात, आणि गावातल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते.

योजनांच्या अटी आणि रुग्णालयांच्या याद्या बदलत असतात, म्हणून भरती होण्याआधी टोल फ्री नंबरवर एकदा खात्री करून घ्या. ही माहिती तुमच्या तालुक्यातल्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवा. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही, अशा शेजारच्या गुरुजींना किंवा बाईंना वाचून दाखवा आणि सत्तरी ओलांडली असेल तर त्यांचं कार्ड तुमच्याच मोबाईलवर काढून द्या.